होंडा सिटीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरी बदललं: एक तेल, एक रॅचेट आणि एक नालायक नरसाळं

आधी निकाल सांगते, मग पेपर दाखवते. होंडाचं डीडब्ल्यू-१ तेल: दहापैकी नऊ. वायसर: दहा. रॅचेट, म्हणजे कटकट करत एकाच दिशेने फिरवणारा पाना: सात. नरसाळं: दोन, तेही रंग बरा होता म्हणून.

मी साताऱ्यात बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि क्लच दाबणं संपलं, म्हणून चार वर्षांपूर्वी २०१२ ची एक जुनी सिटी घेतली, पाच गिअरची ऑटोमॅटिक. गाडी गुणी आहे. पण गेल्या पावसाळ्यापासून दोन गोष्टी खटकायला लागल्या. सकाळी थंड गाडी रिव्हर्समध्ये टाकली की क्षणभर काहीच व्हायचं नाही, आणि मग धप्प. दुसरी, यवतेश्वरच्या घाटात हलक्या पायाने चढताना गाडी मध्येच थरथरायची, रस्त्यावरच्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवरून गेल्यासारखी. खाली बघावं तर पट्टे नाहीत. काटा ८४,००० किलोमीटरवर, आणि आधीच्या मालकाच्या बिलांच्या फाइलमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचं एकही बिल नाही.

दोन ठिकाणी विचारलं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, "मॅडम, ऑटोमॅटिकचं तेल आयुष्यभर चालतं." कुणाच्या आयुष्यभर, असं विचारलं तर हसले. दुसऱ्या ठिकाणी मशीन लावून सगळं तेल एका दमात बदलायचे ११,५०० रुपये सांगितले. तेल कोणतं घालणार? "इम्पोर्टेड असतं." नाव? "बॅरलमधून येतं." वर्गात बाटलीवर लेबल नसेल तर मी त्या बाटलीला हात लावू देत नाही. ११,५०० देऊन बिनलेबलाचं द्रव्य गाडीत ओतून घ्यायचं मला जमणार नव्हतं.

आता थोडी शिकवणी, कारण तेलाला नऊ गुण का दिले ते त्याशिवाय कळणार नाही. साध्या गिअरबॉक्समधलं तेल फक्त वंगणाचं काम करतं. ऑटोमॅटिकमधलं तेल हमालीही करतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या तेलाने भरलेल्या डब्यात, इंजिनची ताकद चाकांच्या बाजूला पोचवतं ते हे तेलच. दाबाखाली जाऊन क्लचच्या तबकड्या आवळतं, तेही हेच. शिवाय उष्णता वाहून न्यायची, गिअरचे दाते वंगवायचे. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे त्या तबकड्या तेलात बुडालेल्या असताना त्यांनी आधी जराशा घसरून मग घट्ट धरायचं. घसरण जास्त झाली तर तबकडी जळते, कमी झाली तर धक्का बसतो. हा समतोल तेलात मिसळलेली थोडीशी रसायनं सांभाळतात, आणि वर्षानुवर्षं तापून तीच आधी दमतात. माझी थरथर आणि धप्प बहुधा तिथूनच येत होती.

त्यात होंडाची तऱ्हा वेगळी. बहुतेक कंपन्यांच्या अशा गिअरबॉक्सात ग्रहमालेसारखी चाकं असतात, मधे एक आणि भोवती फिरणारी. होंडाने मात्र आपल्या साध्या गिअरबॉक्ससारखे समांतर दांडे ठेवले आणि गिअर धरायला-सोडायला त्यांवर तेलातले क्लच बसवले. त्यामुळे तेलही त्यांनी आपल्या मोजमापाचं ठेवलं. आधी झेड-१ नावाचं होतं, मग त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ आलं. जुन्या झेड-१ वाल्या गाड्यांनाही तेच चालतं.

इथे थांबून एक खबरदारी, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्या नावाने बोटं मोडेल. आपल्याकडे सरसकट सगळ्यालाच "ऑटो" म्हणतात, पण पोटात चार वेगवेगळे प्राणी असतात. २०१४ च्या सिटीपासून पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी आली, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी; तिला होंडाचंच पण वेगळं तेल लागतं, एचसीएफ-२. त्यात डीडब्ल्यू-१ ओतू नका. मारुतीच्या एजीएस गाड्यांत तर साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. दोन क्लचवाल्या गाड्यांची आणखी तिसरीच गोष्ट. आणि कित्येक नव्या गाड्यांना डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टीच नसते, तेलाचं तापमान मोजत खालच्या बुचातून पातळी बघावी लागते. त्या भानगडीत मी पडले नसते. माझ्या गाडीला पिवळ्या कडीची डिपस्टिक आहे, म्हणून हा उद्योग.

खरेदी. तेल कंपनीच्या अधिकृत स्पेअरपार्टच्या काउंटरवरून घेतलं, एकूण आठ लिटर, ६,१०० रुपये. ऑनलाइन थोडं स्वस्त दिसत होतं, पण विकणाऱ्याने टाकलेल्या फोटोत एका बाटलीचं सील एका रंगाचं आणि दुसरीचं दुसऱ्या, म्हटलं नको. ड्रेनच्या बुचाचे अॅल्युमिनिअमचे १८ मिलिमीटरचे वायसर तिथेच मिळाले, तीन घेतले. हे वायसर चेपून बसतात, म्हणून दर वेळी नवा. चहाच्या कपाच्या किमतीत अख्ख्या गिअरबॉक्सची गळती अडवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही, म्हणून दहापैकी दहा. ३/८ इंची रॅचेटचा संच १,१५० रुपयांना. या गाडीचं एक बरं आहे: गिअरबॉक्सच्या बुचाला चौकोनी खाच असते, रॅचेटचं टोक सॉकेट न लावता थेट तिच्यात बसतं. इंजिनाच्या तेलाचं बूच १७ नंबरच्या पान्याचं. दोन बुचांत गल्लत होण्याचं काही कारण नाही, तरी ती होते म्हणतात. इंजिनाचं समजून गिअरबॉक्स रिकामा करायचा आणि मग इंजिनात वर आणखी चार लिटर भरायचे! म्हणून खडूने बुचाशेजारी बाण काढला.

आणि नरसाळं. लांब नळीचं, लाल, २८० रुपये. त्याच्याकडे येतेच.

गाडीखाली एकटीने जायचं नाही हे पहिल्यापासून ठरलं होतं. आमच्या प्रयोगशाळेचे मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. कॉलेजात लागण्याआधी ते काही वर्षं एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात होते. फोन केला, "मामा, रविवारी मोकळे आहात का, गाडीचं तेल काढायचंय." साडेसातला दारात हजर, बरोबर दोन जाड लाकडी ठोकळे, उताराला तासलेले. पुढची चाकं त्यांवर चढवली, हॅंडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पाचरी ठोकल्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मामा जाऊ देत नाहीत. "जॅक चाक बदलायला असतो मॅडम, माणूस खाली घालायला न्हवं."

पहिला नियमही त्यांचाच. "आदी वरचं उघडतंय का बगा, मग खालचं." तेल काढून टाकलं आणि भरायची जागाच अडकून बसली तर गाडी तिथेच राहणार. डिपस्टिकच्या भोकातूनच भरायचं होतं. तिथपर्यंत हात पोचवायला मला बांगड्या काढाव्या लागल्या. कडी ओढली, आली.

गाडी ठोकळ्यांवर चढवण्याआधीच मी एक काम केलं होतं, जे बरेच जण गाळतात: जुन्या तेलाची पातळी पाहिली. माझी सगळी पद्धत "जेवढं निघेल तेवढंच भरायचं" यावर उभी होती, आणि मुळात तेल कमी असतं तर तीच चूक मी इमानेइतबारे पुन्हा भरली असती. यासाठी गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन पूर्ण तापलेलं हवं, इतकं की रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद व्हावा. मग इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. आधी नाही, नंतर नाही. होंडाची ही रीत, आणि कित्येक मेकॅनिक इथेच चुकतात, कारण दुसऱ्या बऱ्याच गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवून बघतात. माझ्याकडे स्टॉपवॉच आहेच, टायट्रेशनच्या वेळी मुलांना घाई करायला वापरते ते. पातळी दोन खुणांच्या मधोमध. चला.

बूच काही हलेना. रॅचेटचा दांडा आखूड, म्हणून त्याला सात गुण. मामांनी दांड्यावर पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा चढवला आणि एक हिसका दिला. कट्ट. मग बोटांनी सोडवलं. तेल अजून गरम होतं, आणि धार अंदाजापेक्षा लांब उडते. घमेलं हातभर पुढे ठेवा. आमचा पहिला घोट फरशीने प्याला.

नवं डीडब्ल्यू-१ लालभडक असतं. माझं निघालं ते करपलेल्या गुळाच्या पाकाच्या रंगाचं. वास घेतला: जळकट नव्हता, जुनाट होता. बुचाला आत लोहचुंबक असतं, त्यावर काळी मऊ पेस्ट जमलेली, काजळासारखी. बोटांत चोळून पाहिली, खर लागली नाही, तुकडा नाही, चमकणारा कण नाही. हे बघणं तेल बदलण्याइतकंच महत्त्वाचं. तबकड्यांची आणि दात्यांची रोजची झीज अशी बारीक भुकटी होऊन बसते. धातूचे कपटे मिळाले असते तर मी तेल भरून गप्प बसले नसते, सरळ गिअरबॉक्सवाल्याकडे गेले असते.

आता माझा आवडता भाग. घमेल्यातलं तेल प्लॅस्टिकच्या मोजपात्रात ओतलं: २,४६० मिली. मामा लगेच नवी बाटली फोडायला निघाले. मी थांबवलं. गरम तेल फुगलेलं असतं, आणि नवं तेल खोलीत थंड बसलेलं. गरमाच्या मापाने थंड भरलं तर जास्त भरलं जाणार. मामांचा चेहरा बघण्यासारखा होता. पण चहा झाला, पोहे झाले, मामांनी माझ्या बागेतली कढीपत्त्याची फांदी छाटून दिली, आणि अडीच तासांनी पुन्हा मोजलं: २,३९० मिली. सत्तर मिलीचा फरक! डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर एवढंसं असताना हे सत्तर मिली मी सोडायला तयार नाही. तुम्हाला घाई असेल तर बादलीभर गार पाण्यात डबा बुडवून ठेवा.

बूच परत आवळायचं माप ४९ न्यूटन मीटर, म्हणजे सुमारे पाच किलोग्रॅम-मीटर. त्यासाठी टॉर्क पाना मिळतो, पण तो तीन वायसरांसाठी कोण विकत घेणार? माझ्या रॅचेटच्या मध्यापासून दांड्याच्या टोकापर्यंत २० सेंटिमीटर. पाचाला ०.२ ने भागा: २५ किलोचा ओढा हवा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होता. तो दांड्याच्या टोकाला अडकवला आणि मामांना म्हटलं, काट्याला धरून ओढा, आकडा बघू नका, तुमच्या हाताला "बास" वाटेल तिथे थांबा. ते थांबले. काटा २३. मी नुसती बघत राहिले. मामा म्हणाले, "त्या आकड्यावर इश्वास हाय का माज्यावर?" मी दोघांवर ठेवला आणि आणखी किंचित ओढून २५ केलं.

आता भरणं, म्हणजेच नरसाळं. वेष्टनावर "सर्व गाड्यांसाठी" असं छापलेलं. नळी डिपस्टिकच्या भोकापेक्षा केसभर जाड. रेटून बसवली तर हवा बाहेर पडायला वाट राहत नाही. तेल नळीत उभं राहतं, मग एकदम गुळगुळ करून ढेकर देतं आणि तुमच्या बाहीवर येतं. पन्नास मिली तेल आणि एक बरी साडी यांचा हिशेब या २८० रुपयांत धरा. (साडी नेसून कोण हे काम करतं असं विचारू नका, पोहे खायला नणंद आलेली होती.) शेवटी नरसाळ्याची नळी उपटून टाकली आणि सलाइनची स्वच्छ नळी बसवली. बारीक धार, वीस मिनिटं लागली, पण एक थेंब सांडला नाही. सांडलेले पन्नास मिली मोजून पुन्हा घातले. इंजिन सुरू केलं, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर तीन-तीन सेकंद थांबवला, गाडी ठोकळ्यांवरून उतरवली, पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारली आणि पुन्हा स्टॉपवॉच. पातळी मधोमध. बरोबर जिथे होती तिथे.

पण एवढ्याने सगळं तेल बदलत नाही, हे लक्षात घ्या. गिअरबॉक्सात एकूण सहा लिटरच्या आसपास तेल असतं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं आणि आतल्या वाटांमधलं खालच्या बुचातून येतच नाही. एका वेळी साधारण चाळीस टक्के निघतं. म्हणजे पहिल्या खेपेनंतर जुनं उरलं ६० टक्के, दुसऱ्या खेपेनंतर ३६, तिसऱ्यानंतर २२. शून्य कधीच होत नाही, मुलांना हे गणित मी अवक्षेप धुताना शिकवते: एकदम भरपूर पाण्याने धुण्यापेक्षा थोड्याथोड्या पाण्याने तीनदा. मशीन न लावण्याचं माझं कारणही थोडं असंच. जुन्या गिअरबॉक्सला एकदम सगळं नवं देण्यापेक्षा हळूहळू दिलेलं मला बरं वाटलं. तीन रविवार, प्रत्येकी पंधरा दिवसांच्या अंतराने. मधल्या दिवसांत गाडी रोजच्यासारखी वापरली. दुसऱ्या खेपेनंतर मुलीकडे पुण्याला जाऊन आले.

प्रत्येक वेळी जुन्या तेलाचा एक थेंब गाळणकागदावर टाकून वाळवला. पहिल्याचं वर्तुळ तपकिरी, मधे काळपट डाग. दुसऱ्याचा डाग फिका. तिसऱ्याचा थेंब नव्या तेलाच्या थेंबाशेजारी ठेवला तर फरक दिसतो, पण शोधावा लागतो. ही काही प्रमाणित चाचणी नाही, माझ्या समाधानाची आहे.

गाडीत काय फरक पडला? पहिल्या खेपेनंतर फारसा नाही, उगाच खोटं कशाला. दुसरीनंतर पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढावर लक्ष ठेवून होते, आणि थरथर आलीच नाही. तिसरीनंतर यवतेश्वरला मुद्दाम गेले, हलक्या पायाने, जिथे हमखास व्हायचं त्या वळणावर. नाही. रिव्हर्सचा धप्प मात्र पूर्ण गेला नाही. आधी दोन सेकंद वाट बघायला लागायची, आता पाऊण, आणि धप्पचा आवाज ठप्पवर आला आहे. तबकड्या किंवा इंजिनाखालचे रबर थकले असतील, ते तेलाने भरून येत नाही. म्हणून तेलाचा एक गुण कापला. खरं तर तेलाची चूक नाही, पण दहापैकी दहा मी कुणालाच सहजी देत नाही, माझे विद्यार्थी सांगतील. वायसर अपवाद.

सगळा खर्च तेल, वायसर, रॅचेट आणि ते नरसाळं धरून ७,६०० च्या आत. मामांनी पैसे घेतले नाहीत. पहिल्या दिवशी पोहे आणि कढीपत्ता, तिसऱ्या दिवशी माझ्याकडून कंदी पेढे, असा व्यवहार झाला.

जुन्या तेलाचं एक सांगायचं राहिलं. सात लिटरच्यावर काळपट तेल कॅनमध्ये जमलं होतं आणि दोन जण मागायला आले. एक सेंट्रिंगवाला, प्लेटांना लावायला. दुसरे शेजारचे काका, गोठ्याच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून. दोघांनाही नाही म्हटलं. काकांना राग आला, येऊ दे. त्या गोठ्यातलं पाणी खाली विहिरीकडे जातं. जुनं तेल घेऊन पुनर्वापराला पाठवणाऱ्या गॅरेजात कॅन देऊन आले.

उरलेलं नवं तेल अर्ध्या लिटरच्या वर आहे. अगदी कोकमाच्या आगळाचा रंग, आणि यजमानांना सकाळी चष्मा न लावता कपाट उघडायची सवय. बाटलीवर मोठं लेबल लावलं, तारीख टाकली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. लाल नरसाळं कुणाला हवं असेल तर फुकट देते. नळी तुमची आणा.